दिव्यांग लेकराला घेऊन एक दिवस बाहेर : खर्च तिकिटाचा की पायऱ्यांचा?

पोस्ट मोठी आहे. घरात दिव्यांग लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचा, कारण गावात, भावकीत, शेजारी कुठेतरी असं एक घर असतंच.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की व्हॉट्सॲपवर 'कमी खर्चात सहल' छापाचे मेसेज फिरायला लागतात. त्यात एक घर कधीच धरलेलं नसतं. ज्या घरात एक लेकरू चालत नाही, बोलत नाही, किंवा गर्दी दिसली की कानावर हात ठेवून ओरडतं, ते घर. आमचं घर त्यातलंच. मुलगा १३ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, कार्डावर ८० टक्के. मुलगी १० वर्षांची, एक नंबरची बडबडी. मी आणि बायको. राहायला बीडात, पगार खाजगी नोकरीतला, म्हणजे किती असतो ते सांगायला नको.

आपल्याकडे 'फिरायला जाणं' म्हणजे काय? कुणाला परळीचा वैजनाथ, कुणाला अंबाजोगाईची योगेश्वरी, श्रावणात कपिलधार, पाऊस चांगला झाला तर सौताड्याचा धबधबा, नाहीतर पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या भिंतीवर जाऊन शेंगा खात बसायचं. लांब म्हणजे पैठण आणि वेरूळ. यातलं काहीच महाग नाही. तरीही दिव्यांग लेकरू असलेलं घर वर्षातून एकदासुद्धा बाहेर पडत नाही. पडलंच तर दवाखान्यासाठी. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "परवडत नाही हो."

हे 'परवडत नाही' नेमकं कशाचं आहे, ते आज रुपयांत मांडतो.

आधी एसटीचा हिशोब

आधी नियम. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या एसटीत तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सोबतच्या एका साथीदाराला ५० टक्के. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या लेकरांना अर्धं तिकीट आधीपासून आहे. घरात आजी-आजोबा ७५ च्या पुढचे असतील तर त्यांना राज्यात मोफत.

आता आमच्या चौघांचं तिकीट काढू. हिशोब सोपा जावा म्हणून पूर्ण तिकीट २०० रुपये धरा. सवलत काहीच नसती तर माझे २००, बायकोचे २००, मुलाचे २०० आणि मुलीचे अर्धे १००. जायचे ७००, जाऊन-येऊन १४००.

सवलती लावल्या की मुलाचे ५०, मुलीचे १००, बायकोचे १००. राहिलो मी. इथे बरीच घरं पैसे सोडून देतात. साथीदार कोण, असं कंडक्टरने विचारलं की आईच पुढे होते, कारण लेकरू तिच्याच मांडीवर असतं. पण आईला महिला म्हणून ५० टक्के आधीच मिळालेले आहेत. ती साथीदार झाली म्हणून तिचं तिकीट आणखी कमी होत नाही. साथीदार म्हणून बापाचं नाव सांगा. मग माझेही १०० होतात. चौघांचे मिळून जायचे ३५०, जाऊन-येऊन ७००. म्हणजे १४०० चा प्रवास निम्म्यात. तिकीट फाडायच्या आधी सांगायचं आणि यूडीआयडी कार्ड हातात धरायचं, एवढंच.

रेल्वेचंही सांगतो. परळीला रेल्वे जुनीच आहे. बीडला मात्र गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ चा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. रेल्वेत जे लेकरू सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला सेकंड क्लास, स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत आहे. दोघांनाही. फक्त त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं, आणि त्याला सरकारी डॉक्टरचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी हे होत नाही. पावसाळ्यात काढून ठेवा.

वेरूळला १५ वर्षांखालच्या सगळ्या लेकरांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट नाही, दिव्यांग असो वा नसो. मोठ्यांना ४० रुपये. कैलास लेणं जमिनीच्या पातळीवर आहे. समोरच्या आवारातूनसुद्धा ते डोळ्यांत मावत नाही. मंगळवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.

म्हणजे कागदावर बघितलं तर सरकारने बरंच दिलंय. ते मान्य करूनच पुढचं लिहितोय.

मग परवडत नाही ते काय?

एसटीची पायरी.

माझा मुलगा ३२ किलोचा आहे. पाय कात्रीसारखे ताठ होतात. त्याला दोन्ही हातांवर घेऊन त्या उंच पायऱ्या चढायच्या, अरुंद वाटेतून आत जायचं, मागून लोक ढकलतायत, आणि खाली बायको घडी केलेली व्हीलचेअर, पिशवी आणि मुलीचा हात एकाच वेळी सांभाळतेय. एवढं करून खुर्ची ठेवायची कुठे? उतरल्यावर परत तेच. एकदा-दोनदा होतं. तिसऱ्यांदा कंबर उत्तर देते.

मग माणूस काय करतो? गाडी सांगतो. आमच्याकडे दिवसभराची चारचाकी डिझेल धरून साडेतीन-चार हजारांच्या खाली येत नाही. जिथे ७०० रुपयांत भागलं असतं तिथे ४००० जातात. हे वरचे ३३०० रुपये कशाचे? दोन पायऱ्यांचे. सवलत तिकिटावर मिळाली, पायरीवर मिळाली नाही.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून ते २५०० झाले. त्यासाठी आंदोलनं झाली, बच्चू कडूंनी मोझरीला उपोषण केलं, मागणी तर ६००० ची होती. पण त्या वाढलेल्या २५०० मध्येसुद्धा एका दिवसाची गाडी होत नाही.

दुसरा खर्च संडासाचा. हसू नका. १३ वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला जागा लागते. आपल्या देवस्थानांत, धरणांवर, स्टँडवर जे असतं ते भारतीय बैठकीचं, ओलं आणि दाराला कडी नसलेलं. म्हणून घरं काय करतात? लेकराला सकाळपासून पाणी कमी पाजतात. एप्रिल-मेच्या बीडच्या उन्हात! नाहीतर चार तासांत परत फिरतात. नाहीतर लॉजची खोली घेतात, फक्त अर्ध्या तासासाठी. तो खर्च सहलीच्या हिशोबात कुणी धरत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ठराविक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत मोठ्या माणसाला झोपवून कपडे बदलता येतील अशी स्वच्छतागृहं नियमानेच बांधावी लागतात. आपल्याला तेवढं लगेच नको. एक रुंद दार, एक कमोड, एक कठडा आणि नळाला पाणी, एवढ्यावर सुरुवात होईल.

आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल

१) जायच्या आधी तिथल्या कुणालातरी फोन करून तीन गोष्टी विचारतो. पायऱ्या किती? गाडी कुठपर्यंत जाते? कमोड आहे का? 'सगळी सोय आहे' या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. आकडा विचारायचा.

२) जत्रा, सोमवार, अमावास्या, सलग सुट्ट्या टाळतो. देव मंगळवारी-बुधवारीही तिथेच असतो. एक दिवसाची रजा पडते, पण रांगेचे तीन तास आणि लेकराचा त्रास वाचतो.

३) गाडी करायचीच असेल तर दोन घरं मिळून करतो. आमच्यासारखंच लेकरू असलेलं दुसरं घर सोबत घेतलं की भाडं निम्मं होतं. शिवाय कुणी टक लावून बघत नाही, कुणाला काही समजावून सांगायला लागत नाही. हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

४) डबा घरून. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, मुलासाठी मऊ खिचडी थर्मासमध्ये. त्याला हॉटेलचं चालतच नाही, मग सगळ्यांचंच घरचं.

५) प्लॅस्टिकच्या जुन्या खुर्चीला मधोमध गोल भोक पाडून घेतलंय. सोबत बादली आणि एक जुनी चादर आडोशाला. कमोडच्या घडीच्या खुर्चीचे पैसे वाचले. दिसायला कसंतरीच, पण चालतं.

६) व्हीलचेअर विकत घेण्याआधी केंद्र सरकारच्या एडिप योजनेची चौकशी करा. कमी उत्पन्नाच्या घराला खुर्ची आणि इतर साहित्य मोफत मिळतं, शिबिरं लागतात. लेकराच्या मापाची खुर्ची मागा. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लेकराला उशा कोंबून बसवलं की पाठीचं नुकसान होतं.

७) जागा निवडताना खाली उतरायची नको, वरून दिसणारी घ्या. सौताड्याला खाली रामेश्वरापर्यंत उतरणं आमच्याच्याने होत नाही, पण दरीच्या काठावरून धबधबा बघायला काय हरकत आहे? मुलगा पाण्याच्या आवाजाला जो हसतो, तो वरूनही हसतो. धारूरचा किल्ला मात्र आम्ही सोडून दिलाय.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, वा, जमवलंय की यांनी! जमवलंय, पण माझ्या आणि बायकोच्या कमरेवर. मुलगा आज ३२ किलोचा आहे. पाच वर्षांनी ५० चा होईल आणि मी पन्नाशीला टेकलेला असेन. तेव्हा कोणती युक्ती चालेल? काटकसरीच्या युक्त्या लेकरू लहान असेपर्यंतच चालतात. म्हणून ही पोस्ट इथे संपवत नाही.

हक्काचं काय आहे?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला त्यात नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, मुदत जून २०२२ ला संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं, की हे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा, तीन महिन्यांत करा. महाराष्ट्रात तर ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. कायदा आहे, न्यायालय आहे, विभाग आहे. आता तुमच्या गावच्या देवळाचा, बागेचा, स्टँडचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, रॅम्प दिसतोय का?

आणि पैसे नाहीत असंही नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ग्रामसभेत उठून विचारा : मागच्या वर्षीचे ५ टक्के किती झाले आणि कुठे गेले? बरेच ठिकाणी ते वर्षाअखेरीस वस्तू वाटून संपवले जातात, फोटो निघतो. वाटपाला विरोध नाही. पण त्यातून दरवर्षी एक रॅम्प, एक कमोड, बागेत पट्टा असलेला एक झोका एवढं केलं तरी दहा वर्षांत तालुका बदलेल. चेन्नईच्या मरीना बीचवर २०२२ मध्ये पालिकेने पाण्याजवळपर्यंत लाकडी रस्ता केला आणि व्हीलचेअरवरची माणसं आयुष्यात पहिल्यांदा समुद्राजवळ गेली. पुढच्याच महिन्यात वादळाने त्याचं नुकसान झालं हेही खरं. पण समुद्राच्या वाळूत जे करून बघता येतं ते बिंदुसराच्या काठावर का करता येऊ नये?

माझा मुख्य मुद्दा : ६५ टक्क्यांची अट

एसटीत साथीदाराची सवलत ६५ टक्क्यांपासून. आता एक १६ वर्षांचा मुलगा धरा. बौद्धिक दिव्यांगत्व, कार्डावर ५० टक्के. चालतो, पळतो, हसतो. पण सुटे पैसे कळत नाहीत, गाव आल्याचं कळत नाही, कुणी हात धरून उतरवलं तर त्याच्या मागे जाईल. याच्या वयाची पोरं क्लाससाठी एकटी अंबाजोगाईला जातात. याला एकटं गेवराईलाही पाठवता येत नाही. त्याला ७५ टक्के सवलत मिळते, पण ती वापरायला जो माणूस लागतो त्याला काहीच नाही. अशी सवलत म्हणजे कुलूप देऊन किल्ली न देणं.

रेल्वेचा प्रश्न बरोबर आहे. रेल्वे अशा लेकराच्या बाबतीत विचारते : सोबतीशिवाय प्रवास करू शकतो का? एसटी विचारते : टक्के किती? टक्के अवयवाचे मोजले जातात, गरज प्रवासाची असते. एसटीनेही रेल्वेसारखाच प्रश्न विचारावा, एवढी साधी मागणी आहे. परदेशात हे नवीन नाही. ब्रिटनमध्ये सिनेमागृहांत एक कार्ड चालतं, दिव्यांग माणसाच्या सोबत्याला तिकीटच लागत नाही. कारण तो सिनेमा बघायला आलेला नसतो, दुसऱ्याला बघता यावा म्हणून आलेला असतो.

या अटीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो फक्त घरातल्यांनाच दिसतो. बापाला, भावाला, चुलत्याला पूर्ण तिकीट आणि आईला महिला म्हणून अर्धं. मग घरात हिशोब होतो : "तूच जा त्याला घेऊन, तुझं अर्धं लागतं." दवाखाना आईनेच, शाळा आईनेच, लग्नकार्यही आईनेच. स्वस्त पडते म्हणून सगळं ओझं तिच्यावर. महिलांची सवलत चांगलीच आहे, ती काढा असं माझं म्हणणं नाही. सोबत जाणाऱ्या पुरुषालाही अर्धं करा, म्हणजे घरातले बाप्ये घरी बसायला निमित्त शोधणार नाहीत.

एसटी आधीच तोट्यात आहे, असं कुणी म्हणेल. सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. आणि ही माणसं आहेत तरी किती? सवलत दिल्याने गाड्या भरून वाहणार नाहीत. रिकामी जाणारी एक सीट भरेल आणि त्या घराचं एक वर्ष भरेल.

दुसरा आक्षेप बोगस प्रमाणपत्रांचा. आपल्या जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली, निलंबनं झाली, ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तपासा, जरूर तपासा. पण बदलीसाठी कागद करणाऱ्यांच्या पापाची शिक्षा खुर्चीतल्या लेकराकडे संशयाने बघून देऊ नका.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी एक खास गोष्ट. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर निघतात ते उन्हाळ्यापर्यंत. ऊसतोड कामगारांची दिव्यांग लेकरं त्यांच्याबरोबर फडावर तरी जातात, नाहीतर गावात म्हाताऱ्यांजवळ राहतात. तपासणीला तीन चकरा माराव्या लागल्या तर त्यांचं कार्ड होणार कधी? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची शिबिरं लावा. कार्डच नसेल तर वरचा सगळा हिशोब त्यांच्यासाठी शून्य आहे.

"त्याला काय कळतं?"

शेवटचा आक्षेप बाहेरचा नाही, घरातलाच आहे. "कशाला उगं त्याला फिरवायचं? त्याला काय कळतं?" एका मोठ्या देवस्थानात मला एका माणसाने हेच ऐकवलं, वर खुर्ची बाहेर ठेवायला सांगितली. नाव लिहीत नाही, कारण ते एकट्याचं दुखणं नाही.

त्याला काय कळतं ते सांगतो. गाडी घाटाला लागली की त्याला कळतं. वारा तोंडावर आला की मान सावरायचा प्रयत्न करतो, जो घरी व्यायामाच्या वेळी करत नाही. मोर ओरडला की त्या दिशेला डोळे नेतो. आणि समजा यातलं काहीच कळलं नाही, तरी त्याची बहीण आहे ना! वर्गात सुट्टीचा निबंध लिहायला सांगतात तेव्हा तिने काय लिहायचं? मागे तिने विचारलं होतं, "पप्पा, दादाला नेता येईल असं आणखी कोणतं गाव आहे?" तिने 'दादाला ठेवून जाऊ' म्हटलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते ठराव करणाऱ्यांना सुचायला हरकत नाही.

तर मागण्या चारच. एक, एसटीत साथीदाराची सवलत टक्क्यांवर नको, गरजेवर द्या. दोन, प्रत्येक स्टँडवर सवलतींचा मराठीत फलक, एक व्हीलचेअर आणि गाडीला लावता येईल असा सरकता रॅम्प. तीन, ५ टक्के निधीतून गर्दीच्या प्रत्येक देवस्थानाजवळ आणि बागेत एक तरी वापरता येईल असं स्वच्छतागृह. चार, पावसाळ्यात तालुक्याला प्रमाणपत्राची शिबिरं.

गडांच्या आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना तर शासनाची वाट बघायचीही गरज नाही. दारात दोन खुर्च्या ठेवायला आणि पायऱ्यांच्या बाजूने उतार ओतायला एखाद्या सप्ताहाच्या मांडवाइतकाही खर्च येणार नाही.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या गावाजवळचं एक ठिकाण, तिथल्या पायऱ्यांची संख्या, गाडी कुठपर्यंत जाते आणि कमोड आहे की नाही, एवढं खाली लिहा. शंभर जणांनी लिहिलं तर जिल्ह्याची यादी तयार होईल. ती मी तालुकावार करून सगळ्यांना देतो, आणि तीच यादी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला जाऊ. तारीख कळवतो. कार्यालयाला पायऱ्या किती आहेत, तेही तेव्हाच मोजू.